येथे खिळा ठोकू नये

वारज्याच्या हॉस्पिटलची जुनी विंग
अकरा वर्षांपूर्वी कर्वे रोडवरच्या एका ऑफिसात काढली.
तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे.
फाइल आहे. माझ्याकडे आहे. एकशे चाळीस एमबी.
उघडत नाही.
ज्या सॉफ्टवेअरनं ती बांधली त्याचं लायसन संपलं,
नवी आवृत्ती जुनीला ओळख दाखवत नाही,
आणि ऑक्सिजनची लाइन पुढे न्यायची तर बीम कुठे आहे
हे भीमाप्पा मिस्त्री हातोडीनं ठोकून,
कान लावून सांगतो.
"इथं भरीव. इथं पोकळ.
इथं, मॅडम, माहीत नाही."

म्हणून नव्या विंगला मी हटून बसले:
मॉडेल कुणी कशातही करा,
देवाणघेवाण उघड्या फॉरमॅटमध्ये.
घैसास म्हणाले, "पीडीएफ पाठवतो की.
तीस वर्षांत हे असलं लागलं नाही."
इरफान बागवान, डक्टवाला, म्हणाला,
"देतो. पण माझं काम कुणी उचललं तर?"
उचलण्यासारखं काय आहे त्यात, इरफान,
वाऱ्याचा रस्ता.

पहिली फाइल आली तेव्हा
भिंती भिंती म्हणून आल्या,
खांब थोडे सरकून आले
(कुणाचं शून्य गेटपाशी, कुणाचं लिफ्टच्या खड्ड्यात)
आणि तीनशे बारा दारं आली
ती नुसती वस्तू म्हणून.
उंची होती, जाडी होती, बिजागरीसुद्धा होती,
पण तू कोण असं विचारलं की
वस्तू.
आठ दिवस त्यांना नावं देत बसले.
बारशाचा इतका कंटाळा येऊ शकतो
हे कुणी आधी सांगत नाही.

संध्याकाळी साइटवर गेले तर भीमाप्पा
नळीतलं पाणी दोन खांबांना लावून लेव्हल बघत होता.
तो इंडीचा. पोरं बिहारची.
सुतार कुठला, ते मला अजून कळलेलं नाही.
तीन-चार-पाच मोजून दोरी ताणली, काटकोन धरला,
आणि कुणी विचारलं नाही
हा कुठल्या कंपनीचा.
"दोन सूत वर," तो म्हणाला.
पलीकडचा हात दोन सूत वर गेला.
मी मनात मिलिमीटर करत राहिले.

रात्री फाइल नोटपॅडमध्ये उघडली.
हो, नोटपॅडमध्ये. उघडते.
सातबारा वाचावा तशी वाचता येते:
ओळ चारशे बारा, ही भिंत,
ती तीनशे नव्वदच्या मजल्यावर उभी,
मजला बोट दाखवतो इमारतीकडे,
इमारत जागेकडे,
जागा अक्षांश-रेखांशाकडे, आणि तिथे
खरोखरच एक कुत्रं वाळूवर झोपलेलं असतं.
ते फाइलमध्ये नाही.

प्लॅस्टरआधी भीमाप्पानं
लाल खडूनं पाइपपाशी बाण काढला होता.
आता त्यावर प्लॅस्टर, उद्या पुट्टी,
मग हॉस्पिटलचा तो हिरवा.
तेव्हा चारशे बाराच्या वर्णनाच्या रकान्यात
मी पाटी लावली:
येथे खिळा ठोकू नये. आत ऑक्सिजन आहे. भीमाप्पा.

सेव्ह केलं आणि अक्षरं गेली.
त्यांच्या जागी आकड्यांची माळ,
शून्य नऊ, शून्य नऊ, दर अक्षराला शून्य नऊ,
काना-मात्रेलासुद्धा.
म्हटलं, मराठी बुडाली.
तशीच पाठवून दिली सगळ्यांना.

साडेदहाला इरफानचा फोन.
त्याचं सॉफ्टवेअर वेगळं, त्याची कंपनी भलत्याच देशातली.
"मॅडम, एक भिंत मराठी बोलतेय."
काय म्हणते?
त्यानं वाचून दाखवलं, पूर्णविरामांसकट.
मग जरा थांबला.
"माझ्या ब्रॅकेटचा बोल्ट तिथंच येत होता.
सरकवतो."